ठमी जिंकली तो दिवस

रेसच्या घोड्याचा मालक म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? भारी सूट, गळ्यात दुर्बीण आणि मागेपुढे हांजी हांजी करणारी चार माणसं. रेशीममास्तरांकडे यातली फक्त दुर्बीण होती. तिचीही एक काच तडकलेली, त्यामुळे एक डोळा मिटून बघावं लागायचं, आणि समोरच्या बायकांचा उगाच गैरसमज व्हायचा. दोनदा तर मास्तरांना माफी मागावी लागली होती.

मास्तर शिंपी. रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत दुकान आणि दुकानावर दोन खोल्या. जॉकी अंगात जी रंगीबेरंगी रेशमी जॅकेटं घालतात ना, ती शिवायचा त्यांचा धंदा. प्रत्येक मालकाचे रंग ठरलेले. कुणाचं लाल जॅकेट आणि पांढरे ठिपके, कुणाचं निळं आणि छातीवर आडवा पट्टा. कापड असं हलकं हवं की अंगावर आहे हे जॉकीला कळू नये, आणि शिवण अशी पक्की हवी की तो घोड्यावर वाकला तरी पाठीत उसवू नये. मास्तरांनी उभा जन्म दुसऱ्यांचे रंग शिवण्यात घालवला. आपलेही रंग असावेत असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते खूळ ठमीनं लावलं.

ठमी म्हणजे घोडी. कागदोपत्री तिचं नाव चंद्रज्योत, पण त्या नावानं हाक मारली तर ती कानही हलवायची नाही. एकदा जॅकेटं पोचवायला मास्तर तबेल्यात गेले असताना या बयेनं त्यांच्या गळ्यातली टेप ओढली आणि निम्मी चघळून टाकली. ती चावरी होती, धावायला आळशी होती, आणि तिचा तेव्हाचा मालक तिला इतका वैतागला होता की कुणी नेली तर सुटलो म्हणायचा. तो हसत म्हणाला, "मास्तर, तुमची टेप खाल्ली हिनं. आता हिलाच घेऊन जा." सगळे खदखदून हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी खरंच घेतली.

घरी आल्यावर काय झालं ते विचारू नका. घरात मास्तर आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. मास्तरांनी लग्न केलं नाही आणि ताईचा नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून दोघं एका चुलीवर. ताईनं त्यांची बिनपाण्यानं केली. "अरे, इथे आपल्याला पाय पसरायला जागा नाही, आणि तू घोडी आणलीस? शुद्धीवर आहेस ना?" दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तबेल्यात गेली, निदान अवदसा कशी आहे ती तरी बघू म्हणून. ठमीनं मान पुढे केली आणि ताईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून डोळे मिटले. झालं! ताई पाघळली. तिथेच तिनं तिचं नाव ठमी ठेवलं, आणि त्यानंतर दर रविवारी गाजरं घेऊन तिची तबेल्याची वारी कधी चुकली नाही. ती तिच्याशी बोलायची काय, मानेवर हात फिरवायची काय. भाऊ तापानं फणफणला होता त्या रविवारीसुद्धा बाई आधी तबेल्यात जाऊन आली. मास्तर हे सगळ्यांना सांगायचे, तक्रार केल्यासारखं, पण तोंडभर हसून.

रेसला मात्र ताई कधी आली नव्हती. "तिला चाबूक मारतात ते मला बघवायचं नाही," म्हणायची. आणि ठमीनं बघण्यासारखं तरी काय दिवे लावले होते? शेवटून पहिली यायची. चुकून शेवटून तिसरी आली तर मास्तर चहा पाजायचे.

मग ताईचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही, कडेनं दिसेनासं होत गेलं आणि ते मधे मधे सरकत आलं. डॉक्टर भला माणूस होता, पण त्यानं आडपडदा ठेवला नाही. "आता औषधानं फार काही व्हायचं नाही. जे बघावंसं वाटतं ते लवकर बघून घ्या." घराच्या जिन्यात ताई म्हणाली, "मला एकदा ठमीला धावताना बघायचंय रे. चाबूक मारू दे मेल्यांना. मी बघेन."

मास्तरांना गलबलून आलं. नुसती धावताना कशाला? जिंकताना दाखवू! हे डोक्यात घेतलं आणि तिथेच सगळं चुकलं.

ठमीच्या ट्रेनरनं त्यांना स्पष्ट सांगितलं, "मास्तर, या शर्यतींत ही जन्मात जिंकायची नाही. पण खालची एक शर्यत आहे. मागणीची. तिथे हिच्यासमोर उभं राहील असं जनावर नाही."

मागणीची शर्यत म्हणजे काय, ते मास्तरांना ठाऊक होतं. रेसकोर्सवर सगळ्यांनाच ठाऊक असतं. या शर्यतीत उतरलेला प्रत्येक घोडा ठरल्या भावाला विकाऊ असतो. शर्यतीआधी घोडे ज्या गोलात फिरवतात तिथून ते मैदानाकडे निघेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही मालकानं ऑफिसात जाऊन मागणी नोंदवावी. शर्यत सुटायचं गेट उघडलं की घोडा त्याचा. मग तो जिंको, हरो, नाहीतर पाय मोडून पडो. जिंकला तर बक्षीस तेवढं जुन्या मालकाचं, घोडा मात्र नव्याचा. आणि मोसम संपेपर्यंत जुन्या मालकाला तो परत घेता येत नाही. चांगला घोडा कुणी खालच्या शर्यतीत घुसवून फुकटचं बक्षीस लाटू नये, म्हणून ही सोय.

"आणि कुणी मागितली तर?" मास्तरांनी विचारलं.

"पुढच्या दोन्ही पायांना पट्ट्या बांधू," ट्रेनर म्हणाला. "घट्ट, गुडघ्याखाली. बघणाऱ्याला वाटेल पाय अधू आहेत. पट्ट्यांची घोडी कोण मागतंय? सगळेच करतात, मास्तर. एवढं काय मनाला लावून घेता?"

मास्तरांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. ताईला मात्र यातलं अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "आग लागो त्या जिंकण्याला, माझी ठमी घरी राहू दे." हे मास्तरांना इतकं पक्कं माहीत होतं की म्हणूनच ते तोंड मिटून बसले.

मग रंगांची गडबड. आजवर ठमी ट्रेनरच्या उसन्या जॅकेटात पळायची. मास्तरांनी समोरच्या इमारतीच्या गॅलरीत कापडाचे तुकडे ओळीनं टांगले आणि ताईला खिडकीत उभं केलं. "लांबून कुठला दिसतो सांग." ताईनं बोट दाखवलं ते पोपटी रंगावर. झालं, पोपटी जॅकेट आणि नारिंगी बाह्या. पहिल्यांदाच मास्तर आपल्यासाठी जॅकेट शिवत होते, आणि दोनदा उसवून पुन्हा शिवलं, बोला! गल्लीत सगळ्यांनी टर उडवली. "मास्तर, जॉकी आहे की पोपट? पिंजरा कुठे ठेवलाय?" मास्तर म्हणायचे, "हसा लेको, हसा. जिंकल्यावर बघतो एकेकाला."

शर्यतीचा दिवस उजाडला. ताईनं ठेवणीतले कपडे काढले, केसांना तेल लावलं, पायात नवी चप्पल घातली. ती लगेच चावायला लागली, पण बाई कबूल करील तर शपथ. मास्तरांनी तिचा हात धरून तिला मालकांच्या दरवाजानं आत नेलं. दरवानानं सलाम ठोकला. ताई हरखली. "अरे, हा तुला सलाम करतो?" "मला नाही, छातीवरच्या मालकाच्या बिल्ल्याला," मास्तर म्हणाले, पण छाती जरा फुगलीच.

मग दोघं घोडे फिरवायच्या गोलात गेली. मालकांना परवानगी असते. कठड्याबाहेर माणसांची ही गर्दी, आणि आत इतर मालक हातात कार्यक्रमाचा कागद घेऊन प्रत्येक घोड्याला आपादमस्तक न्याहाळत उभे. तिची देखभाल करणारा मोतद्दार ठमीला घेऊन आला. म्हातारा माणूस, ठमीची झोपायची खोड आणि चावायची वेळ दोन्ही ओळखणारा. अंग चमकत होतं तिचं. ताईचा वास लागताच ती थांबली आणि तिनं मान पुढे केली.

ताईनं तिच्या गळ्यावरून हात फिरवला, खांद्यावरून फिरवला, आणि नेहमीच्या सवयीनं खाली पायावर नेला. हात थबकला.

"हे काय? हिच्या पायाला काय बांधलंय?"

"काही नाही ताई. पट्टी आहे. असते तशी."

"असते तशी? दर रविवारी हात फिरवते मी, कधी नसते ती!" ताईनं दुसरा पाय चाचपला. "दोन्हींना आहे! अरे, लागलंय तिला. तू मला सांगितलं नाहीस."

"लागलेलं नाही गं. तू चल, आपण बसायला जाऊ."

"मग बांधलंय कशाला? सांग ना!" आता ताईचा आवाज चढला. "माझ्यासाठी पळवतोयस का तिला, दुखऱ्या पायांनी? मला दिसेनासं होतंय म्हणून? मला नाही बघायची असली शर्यत! घरी ने तिला. आत्ताच्या आत्ता ने!" आणि ती रडायला लागली. भर गोलात, शंभर माणसांसमोर, ठमीचा पाय दोन्ही हातांत धरून.

आता बघा, मास्तरांनी काय करावं? पट्ट्यांचं खरं कारण तोंडातून काढलं तर मागणीचा सगळा प्रकार सांगावा लागणार, आणि तोही अशा ठिकाणी जिथे चारी बाजूंना मागणारे कान टवकारून उभे. न सांगावं तर ताई हलेना. ट्रेनर लांबून डोळे वटारत होता. मोतद्दार खाली मान घालून उभा. मास्तर साठी उलटलेला माणूस, पण बहीण रडायला लागली की आजही त्यांचं डोकं चालेनासं व्हायचं.

"सोड रे पट्ट्या," ते मोतद्दाराला म्हणाले. "दाखव हिला."

"मास्तर..." मोतद्दार पुटपुटला.

"सोड म्हणतो ना!"

पट्ट्या सुटल्या. ताईनं दोन्ही पायांवरून वरून खाली, खालून वर हात फिरवला. सूज नाही, कुठे कढत नाही, गाठ नाही. मोतद्दारानं ठमीला चार पावलं चालवून दाखवलं. अशी ठुमकत चालली की काय सांगावं! ताईचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसून ती लाजल्यासारखी हसली. "मी आपली उगाच बोलले रे. म्हातारी झाले."

मास्तर मात्र तिच्याकडे बघत नव्हते. पलीकडे लाकडाच्या वखारीचा मालक उभा होता. जाडजूड, शांत माणूस. त्याचे घोडे दुसऱ्या शहरात पळायचे. मघापर्यंत तो भलत्याच घोड्याकडे बघत होता. आता त्यानं ठमीच्या पायांकडे पाहिलं, कागदाची घडी करून खिशात घातली आणि ऑफिसच्या दिशेनं चालायला लागला. घाईनं नाही. रमतगमत.

ऑफिसकडे धावत सुटावं असं मास्तरांना वाटलं, पण धावून करणार काय? मागणी नोंदवू नका म्हणून कुणाच्या पाया पडता येतं का? 'चहा प्यायला गेला असेल,' त्यांनी मनाला समजावलं, आणि ताईचा हात धरून ते कठड्यापाशी येऊन उभे राहिले.

गेट उघडलं. ठमी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या नंतर बाहेर पडली, जणू कुणी तरी तिला झोपेतून उठवलं होतं.

"कुठाय? कुठाय रे?" ताईनं त्यांच्या दंडात बोटं रुतवली.

"शेवटी."

"असू दे. पळतेय ना?"

"पळतेय."

पहिल्या वळणावर ती शेवटीच होती. लाउडस्पीकरवाला सगळी नावं भराभर घेऊन झाल्यावर दम खाऊन म्हणायचा, "आणि चंद्रज्योत." लोक हसायचे. मास्तरांनी दुर्बीण लावली, एक डोळा मिटला, पण घाईत नुसतं गवत दिसत होतं.

मग ताईच ओरडली. "ती बघ! पोपटी! अरे, बाहेरून येतेय, बाहेरून!"

खरंच की! ठमीवर बसलेल्या म्हाताऱ्या जॉकीनं तिला घोळक्यातून काढून मोकळ्या बाजूला घेतलं होतं आणि ठमी, ती आळशी, खादाड, झोपाळू ठमी, कान मागे टाकून अशी सुटली की दोन घोडे मागे पडले, मग तिसरा पडला. मास्तरांना वखारवाला आठवला नाही, मागणी आठवली नाही, काही काही आठवलं नाही. ते घसा फोडून ओरडत होते, "ये गं माझी बाय! ये! ये!" शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीत त्यांनी तीन गुद्दे घातले. शेवटच्या टप्प्यात फक्त एक काळा घोडा पुढे होता, आणि जॉकीनं चाबूक उगारलासुद्धा नाही. ठमीनं त्याला असं मागे टाकलं जसं काही तो उभाच होता.

"जिंकली?" ताईनं विचारलं.

मास्तरांनी नुसती मान हलवली, मग ताईला नीट दिसणार नाही हे लक्षात येऊन तिचा हात आपल्या गालावर ठेवला आणि पुन्हा मान हलवली.

विजेत्याच्या जागी ठमीला आणलं. घामानं निथळत होती, नाकपुड्या लालभडक. फोटोवाल्यानं सगळ्यांना ओळीत उभं केलं. ताई म्हणाली, "मला दिसली रे. शेवटची सगळी धाव दिसली. हिरवी नुसती." ती हसत होती आणि रडतही होती, आणि म्हाताऱ्या जॉकीचं डोकं कुरवाळत सुटली होती, तोही बिचारा कुरवाळून घेत होता. तो एवढा एकच फोटो. त्यात मास्तरांचे डोळे मिटलेले आलेत.

फोटो झाला आणि ऑफिसचा माणूस आला. त्याच्या हातात मागणी झालेल्या घोड्याला लावतात तो बिल्ला होता. तो त्यानं ठमीच्या लगामाला अडकवला, आणि मागून वखारवाला आला, स्वतःचा मोतद्दार बरोबर घेऊन.

"अभिनंदन, मास्तर," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, खोटं कशाला सांगा. "मोठी गुणी घोडी आहे."

मास्तरांनी त्याचा हातच धरला. "मालक, ही देऊ नका... म्हणजे नेऊ नका. बक्षीस सगळं घ्या. वर काय म्हणाल ते देतो."

"अहो, तुम्हाला नियम ठाऊक आहे. मनात आणलं तरी मला मोसमभर देता येत नाही. आणि आमची गाडी आजच निघणार." मग त्यांचं तोंड बघून तो जरा ओशाळला आणि समजूत घालायला म्हणून बोलला, "खरं सांगू का? पट्ट्या बघून मी नाद सोडला होता. मग या बाईंनी त्या सोडायला लावल्या. पाय इतके स्वच्छ, की राहवलंच नाही."

ताई जवळच उभी होती, ठमीच्या मानेवर हात ठेवून. तिनं विचारलं, "कुठे न्यायचीय हिला?"

तेव्हा मास्तरांनी सांगितलं. सगळं सांगितलं. मागणीची शर्यत म्हणजे काय, पट्ट्या कशासाठी होत्या, आपण का बोललो नाही. सांगताना त्यांना वाटत होतं, आता ही कानफटात मारील. मारावी. लहानपणी मारायची तशी मारावी आणि मोकळी व्हावी.

ताईनं ऐकून घेतलं. वखारवाल्याच्या मोतद्दारानं लगाम हातात घेतला. ठमीनं मान वळवली, ताईचा खांदा शोधला, पण तोवर त्यानं तिला पुढे काढलं होतं. तिच्या टापा फरसबंदीवर वाजत गेल्या. टापा ऐकू येत होत्या तोवर ताई तिकडे तोंड करून उभी राहिली.

मग म्हणाली, "म्हणजे पट्ट्या मी सोडायला लावल्या म्हणून गेली."

"ताई, काहीतरी बोलू नकोस! मी तुला अंधारात ठेवलं. चूक माझी आहे."

"तू तर झाकून ठेवली होतीस तिला. मीच मधे तोंड घातलं. भर लोकांत तमाशा केला." ती स्वतःशीच मान हलवत होती. "दिसत नाही म्हातारीला, गप्प बसावं ना. माझ्याच हातानं घालवली."

मास्तरांनी रस्ताभर सांगितलं, जिन्यात सांगितलं, जेवताना ताटावर सांगितलं. काही उपयोग झाला नाही. ताईनं ते मनात घेतलं ते घेतलंच. मोसम संपेपर्यंत ठमी आणखी पुढे विकली गेली होती. पुढे डोळे पार गेले तरी ती मास्तरांवर एका शब्दानं रागावली नाही, आणि मास्तर तर त्या रागाची वाट बघत जगले. दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं आणि भिंतीवरचा फोटो बघून घोडीचं काय झालं म्हणून विचारलं, की आतून ताईच सांगायची, "माझ्या हट्टापायी गेली हो." आणि मास्तर मशीन थांबवून म्हणायचे, "नाही हो, तिचा काही दोष नाही. मी घालवली." गिऱ्हाइकाला भरून यायचं. बाहेर पडल्यावर तो बरोबरच्याला म्हणायचा, "भाऊ असावा तर असा. बहिणीची चूक बघा कशी अंगावर घेतो."